फलश्रुतीवरून वाद

साहित्याचं लग्न कुठे लागलं, असं कुणी विचारलंच तर वाशीमकरांकडे उत्तर तयार आहे. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घरातून निघतो. त्याला माघारी वळवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि त्याच्या मागावर धाडते. ती पूर्वेला, पांचालात, अवंतीत, दक्षिणेत त्याच्यामागून हिंडते. मुक्कामागणिक तो थोडा थोडा विरघळतो, आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम.

"लग्न इथे लागलं, पण जोडपं नांदायला मुंबई-पुण्याला गेलं," हे कारंज्याच्या मामांचं त्यावरचं भाष्य.

हे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. त्यांची भाची राज्यसेवेचा अभ्यास करते, दिवसभर अभ्यासिकेत बसते आणि रात्री घरी भलतंच वाचते. दोघांची नावं कशाला हवीत? कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठेही चार घरं फिरलं की अशी एखादी जोडी भेटतेच. वादाला निमित्त झालं भाचीच्या टेबलावरच्या चळतीचं: सतीश काळसेकरांची 'वाचणाऱ्याची रोजनिशी', गोविंद तळवलकरांचं 'वाचता वाचता', अरुण टिकेकरांची 'अक्षरनिष्ठांची मांदियाळी', निरंजन घाटे यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' आणि नीतीन रिंढे यांचं 'लीळा पुस्तकांच्या'. पाचही पुस्तकं पुस्तकांबद्दलची.

"दुसऱ्याच्या पंगतीचं वर्णन वाचून तू ढेकर देऊन राहिली," मामा म्हणाले. "काळसेकरांनी वाचलं, त्यांना त्याचं साहित्य अकादमी मिळालं. तुला काय मिळालं?"

"यादी मिळाली," भाची म्हणाली.

काळसेकरांना तो पुरस्कार २०१३ साली मिळाला. एका वाचकाने आपल्या वाचनाची नोंद ठेवली आणि त्या नोंदींना देशातला मोठा साहित्यपुरस्कार मिळाला, हे मराठीत वारंवार घडत नाही. प्रकार मात्र नवा नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, तिच्यातही 'वाचन' या विषयावर निबंध आहे. इंग्रजीत चार्ल्स लॅम आणि विल्यम हॅझलिट हे त्याच्याही पन्नास वर्षं आधीचे, आणि १९२५ साली व्हर्जिनिया वुल्फने आपल्या अशा लेखांच्या संग्रहाचं नावच 'सामान्य वाचक' या अर्थाचं ठेवलं. तेव्हा मामांची तक्रार पुस्तकांच्या या जातीबद्दल असली, तरी ती जात चांगली जुनी आणि घरंदाज आहे.

पण तक्रार पोकळही नाही. या लेखांत एक ठरावीक वस्ती आहे. फोर्टातल्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग, एशियाटिकचा दरबार हॉल, आप्पा बळवंत चौक, रविवारची सकाळ, रद्दीतून अचानक निघालेली पहिली आवृत्ती. वाशीम जिल्ह्यात पुस्तकांचं दुकान म्हणजे बहुतेक वेळा वह्या, नवनीतची गाईडं, चार्टपेपर आणि कोपऱ्यात स्पर्धा परीक्षांचे लक्ष्मीकांत आणि कोळंबे. कादंबरी हवी तर अकोला गाठायचं, नाहीतर पूर्वी व्हीपीपीने आणि आता मोबाइलवरून मागवायची. १९९८ च्या १ जुलैला अकोल्यातून हा जिल्हा वेगळा झाला, त्याला २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही जागा मिळाली. चांगलं पुस्तकांचं दुकान त्याला अजून मिळायचं आहे.

"जुन्या पुस्तकाचा वास!" मामांना या तीन शब्दांचा विशेष राग. "पानभर लिहितात त्याच्यावर. आपल्याकडे जुन्या पुस्तकाला कसर लागते, नाहीतर वाळवी. मे महिन्यात कपाट उघडलं की पुठ्ठा हातात आणि पानं खाली. तो वास घेऊन दाखवा म्हणा एकदा."

भाची हसली, पण मुद्दा सोडला नाही. ज्या गावात दुकान नाही, तिथे वाचनावरचा लेखच दुकानाचं काम करतो, असं तिचं म्हणणं. पुण्यातला वाचक पुस्तक हातात घेतो, चार पानं चाळतो, ठेवून देतो. इथे चाळायला काही नसतं. मग तळवलकर एखाद्या इंग्रजी चरित्राबद्दल आठ पानं लिहितात, तेच चाळणं. काळसेकरांच्या पुस्तकातून तिने नावं उतरवून घेतली, गावच्या वाचनालयात दिली, त्यातली काही पुढच्या खरेदीत आली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरवून दिलं आहे. खालच्या वर्गातल्या वाचनालयाची खरेदी ती केवढी, आणि त्या पैशात कुठलं पुस्तक घ्यायचं हे तिथल्या माणसाला कोण सांगणार? प्रकाशकाचा माणूस जे गठ्ठे घेऊन येतो ते घेतले जातात.

"म्हणजे तुझे निबंधकार हे फुकटचे विक्रेते," मामा म्हणाले.

"विक्रेता वाईट पुस्तकालाही चांगलंच म्हणतो, मामा."

इथे मामांनी आपला मुख्य मोहरा पुढे केला. त्यांच्या मते वाचणं म्हणजे पुन्हा वाचणं. त्यांची पुस्तकं मोजकी: 'स्मृतिचित्रे', 'रणांगण', 'बनगरवाडी' आणि सगळ्यांच्या वर उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६० साली आलेल्या या कादंबरीत वऱ्हाडी बोली नुसती चवीपुरती आलेली नाही, माणसं तिच्यात रडतात आणि भांडतात. मामा तिला वर्षाआड हात घालतात. तिच्यातल्या कौतिकचं दुःख समजायला मला मध्ये दलाल नको, असं ते म्हणतात. गंमत अशी की दरवेळी नवं पुस्तक वाचण्याचा तिटकारा आणि त्याच वीस-तीस जुन्या पुस्तकांकडे परतण्याची ओढ हा हॅझलिटच्या १८२१ मधल्या एका प्रसिद्ध निबंधाचा विषय आहे. मामांना हे भाचीनेच सांगितलं. आपल्या बाजूचा उत्तम वकील शत्रूच्या गोटातून निघाला, हे त्यांना फारसं रुचलं नाही.

"हॅझलिट राहू दे. कारंज्याला कुणी शिकवावं परत वाचायला?" ते म्हणाले.

हे मात्र खरं. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान मानलं जातं, आणि सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'चा सप्ताह इथल्या कित्येक घरांना पाठ आहे. सात हजारांहून अधिक ओव्या, सात दिवस. वाचनाच्या सवयींवर लिहिणारे लेखक आपण सकाळी वाचतो की रात्री, पलंगावर की खुर्चीत, हे सांगतात. या पोथीच्या वाचकाची सवय त्याहून कडक असते. वेळ तीच, जागा तीच, दिशा तीच. चौरंगावर पोथी, तिचं कापड बाजूला घडी करून ठेवलेलं. सुटी आडवी पानं, वाचून झालेलं उलटून डावीकडे, आणि त्या पानांच्या कडेला आधीच्या पिढीच्या बोटांचे कुंकवाचे डाग. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. सात दिवस साधं जेवण आणि जमिनीवर झोप. पहिल्या दिवशी कुणी सातव्या अध्यायावर थांबतं तर कुणी नवव्यावर, कारण पोथीच्या परंपरा दोन. यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत मतभेद होतात, आणि तेही वाचनसंस्कृतीतच धरायला हवेत.

"एक पुस्तक, सात दिवस, आयुष्यभर," मामा म्हणाले. "तुझ्या पाच लेखकांपैकी कुणाचं एवढं वाचन असेल तर सांग."

भाचीने जे उत्तर दिलं ते या वादातलं सगळ्यात बिनतोड होतं, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. ती म्हणाली, "मामा, पोथीचा शेवटचा अध्याय कुठला?"

"अवतरणिका."

"तिच्यात काय आहे?"

अवतरणिकेत कुठल्या अध्यायात काय आलं याचा सारांश आहे. कुठल्या दिवशी किती वाचावं, कसं बसावं हे आहे, आणि वाचल्याने काय मिळतं तेही आहे. म्हणजे पुस्तकाविषयीचं पुस्तक पोथीच्या पोटातच आहे. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पोथीला, व्रतकथेला, स्तोत्राला फलश्रुतीची शेपूट असते. हे का वाचायचं, कुणी वाचायचं, वाचल्यावर काय होतं. काळसेकर आणि टिकेकर दुसरं काय लिहितात? फरक इतकाच की त्यांच्या फलश्रुतीत पुत्रप्राप्ती आणि धनलाभ नाही, त्यांना मिळालेला आनंद आणि पुढच्या पुस्तकाचा पत्ता आहे. शिवाय 'गुरुचरित्र' हा सगळा ग्रंथच सिद्ध आणि नामधारक यांचा संवाद आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो. मामा-भाचीचंही तेच चाललं होतं, फक्त इथे नामधारक उलट बोलत होता.

"आणि कुणी वाचायचं म्हणालात ना," भाची पुढे म्हणाली, "आजीने वाचलं होतं का कधी?"

मामा गप्प. बायकांनी 'गुरुचरित्र' वाचू नये, ऐकावं, ही रूढी अनेक घरांत अजून पाळली जाते. काही घरांत मोडलीही आहे, पण आजीच्या काळी ती घट्ट होती. आजीला सगळ्या कथा ठाऊक होत्या. पोथीला हात मात्र कापड धुण्यापुरता. भाचीचं म्हणणं असं की एकच ग्रंथ जन्मभर वाचण्याची थोरवी सांगताना तो कुणाच्या हातात नव्हता हेही सांगितलं पाहिजे. वाचनावरचे निबंध कितीही मुंबईचे असोत, 'तू वाचू नकोस' असं ते कुणाला म्हणत नाहीत.

मामांचं उत्तर यायला थोडा वेळ लागला, पण आलं ते पोथीच्या बाहेरून. "वर्षावासात कधी विहारात गेली का तू?" आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने गावोगावच्या बुद्धविहारांत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं सामुदायिक वाचन चालतं. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. वाशीम जिल्ह्यातल्या विहारांत संध्याकाळी शेतातून, मजुरीवरून आलेली माणसं बसतात, एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचणारी पुष्कळदा बाईच असते, नाहीतर नुकती दहावी झालेली मुलगी. अडलेला शब्द शेजारची सांगते. दरवर्षी तोच ग्रंथ, पहिल्या पानापासून.

"हे परत वाचणंच आहे, आणि दार सगळ्यांना उघडं," मामा म्हणाले. "आता मला तुझ्या पाच पुस्तकांतून एक पान काढून दाखव, ज्यात अशा वाचनाची सवय आली आहे."

मामांच्या या मुद्द्यापुढे भाचीचं बिनतोड उत्तरही थोडं फिकं पडतं. मराठीतल्या वाचनविषयक लेखनाचा नायक बहुतेक वेळा एकटा, मनात वाचणारा, स्वतःचं कपाट असलेला माणूस आहे. मोठ्याने वाचणारा, चारचौघांत वाचणारा, एकच ग्रंथ वाचणारा वाचक तिथे क्वचित दिसतो. (मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने केलेल्या वाचनावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज शकुंतला कारंज्यावरूनच जायची, आणि तिच्या वेगाने एका फेरीत कादंबरी हातावेगळी व्हावी. तिच्यातल्या वाचकावर काही वाचल्याचं या लेखकाला आठवत नाही.)

कारंज्याकडे वादात टाकायला आणखी एक पुरावा होता, आणि तो दोघांनीही आपापल्या बाजूने ओढला. गावात दिगंबर जैनांची सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरं आहेत, आणि त्यांची हस्तलिखितांची भांडारं प्रसिद्ध आहेत. श्रुतपंचमीला, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, दिगंबर जैन शास्त्रग्रंथांची पूजा करतात. 'षट्खंडागम' लिहून पूर्ण झाल्याचा तो दिवस. जुन्या पोथ्यांची वेष्टनं सोडायची, पानं झटकायची, वारा द्यायचा, नवी वेष्टनं बांधायची, असा त्याचा परिपाठ. पुस्तकप्रेमाचा एवढा जुना सण दुसरा कुठला असेल, कोण जाणे.

मामांचा मुद्दा असा की शेकडो वर्षं पोथ्या बांधून, पूजून ठेवल्या, पण त्या जगापुढे आल्या त्या कुणीतरी बसून त्या वाचल्या म्हणून. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी या भांडारांतले अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. कारंज्याच्या ग्रंथमालांत पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' १९३१ साली परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित करून आणलं, त्याच कवीचं 'णायकुमारचरिउ' १९३३ साली हिरालाल जैनांनी, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या कवीचं 'करकंडचरिउ'. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताला आधुनिक वाचक मिळाला तो कारंज्याच्या कपाटांमुळे. "त्यांनी पोथीच्या प्रेमावर निबंध लिहिला नाही," मामा म्हणाले. "पोथी वाचली."

"पण कपाटात काय आहे हे जगाला कसं कळलं?" भाचीने विचारलं, आणि उत्तरही तिनेच दिलं. रायबहादुर हिरालाल (हे दुसरे हिरालाल, मध्य प्रांताचे) यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची केली, ती १९२६ साली नागपूरहून छापली गेली. कारंज्याची भांडारं तिच्यात आहेत. आधी सूची आली, ग्रंथ मागून छापले गेले. पुस्तकाबद्दलचं पुस्तक पुढे गेलं नसतं, तर वेष्टनं दर श्रुतपंचमीला सोडून पुन्हा बांधली गेली असती.

मग तिने वाशीमचाच राजा काढला. चौथ्या शतकात वत्सगुल्मच्या वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, ती कथा. मराठीच्या पूर्वज भाषेतलं, या मातीतल्या राजाचं हे काव्य आज हाती नाही. पूर्ण प्रत कुठेच सापडलेली नाही. तरी ते होतं, आणि चांगलं होतं, हे ठाऊक आहे. कारण आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त त्याचा दाखला दिला, कुंतकाने सर्वसेनाला कालिदासाच्या पंक्तीला बसवलं, भोजाने त्यातल्या गाथा उद्धृत केल्या. काव्य गेलं, वाचकांच्या नोंदी उरल्या.

"वाशीमचा पहिला कवी आपल्याला दुसऱ्यांच्या वाचनातून माहीत आहे, मामा. तुमचा दलाल नसता तर तो राजा नुसता ताम्रपटात राहिला असता."

मामा चिडले नाहीत. मास्तर असल्यामुळे चांगल्या उत्तराला मार्क द्यायची सवय होती. पण त्यांनी एक भेद केला, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. आनंदवर्धनाने 'हरिविजय' वाचताना आपण कुठे बसलो होतो, पाऊस पडत होता का, चहा कितव्यांदा झाला, हे लिहिलं नाही. त्याने काव्यात कवीने मूळ कथा कशी बदलली आणि का बदलली, यावर बोट ठेवलं. म्हणून त्याची नोंद कामाची ठरली. हल्लीच्या अशा लेखनात पुस्तक मागे आणि वाचणारा पुढे, कपाटाचा फोटो काढताना माणसाने मध्येच उभं राहावं तसा. या मोजपट्टीने भाचीच्या चळतीतली पुस्तकंही सारखी उंच नाहीत, हे तिलाही मान्य करावं लागलं. तळवलकर स्वतःबद्दल जवळजवळ बोलतच नाहीत. घाट्यांच्या पुस्तकात मात्र माणूस भरपूर आहे, पण तो वाचण्यासाठी केलेल्या धडपडीसकट आहे, म्हणून खपतो. केवळ आपल्या छंदाची आरती ओवाळणारं लेखन ओळखायला फार वेळ लागत नाही. त्यात पुस्तकांची नावं असतात, पुस्तकं नसतात.

प्रश्न उरतो तो वाशीमचा. या जिल्ह्यात वाचक नाहीत असं कुणी म्हणेल, तर शिरपूरचे नामदेव कांबळे समोर आहेत. 'राघववेळ' या कादंबरीला १९९५ चं साहित्य अकादमी आणि २०२१ साली लेखकाला पद्मश्री. शिक्षकी पेशा करत वाशीममध्येच राहून त्यांनी लिहिलं. गावागावांतल्या अभ्यासिका सकाळपासून भरलेल्या असतात, बाकावर स्पायरलच्या वह्या आणि पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर पंखा. त्यातली मुलं दिवसाला दहा-दहा तास वाचतात. ते वाचन नव्हे, पाठांतर आहे, असं मामा म्हणतात. भाचीला त्याचा राग येतो. त्याच बाकावर बसून, लक्ष्मीकांतच्या खाली लपवून, तिने 'धग' पहिल्यांदा वाचली होती. मामांना हे आजवर माहीत नव्हतं.

"मग हे लिही," मामा एकदम म्हणाले. "अभ्यासिका, विहार, सप्ताह, वाळवी. जोडपं इथून गेलं असेल, पण पाहुणे इथेच आहेत, त्यांचं लिही. फक्त एक अट. ज्या ज्या पुस्तकाचं नाव घेशील त्याच्यापुढे प्रकाशक, किंमत आणि कुठे मिळतं ते घाल. मानोऱ्याच्या पोराला मागवता आलं पाहिजे."

"मामा, मग ती सूची झाली. निबंध कुठे राहिला?"

"काहून? रायबहादुर हिरालालने काय निबंध लिहिला होता का?"